क्लासकास्टएक्सेप्शन

क्लासकास्टएक्सेप्शन हा जावा व कोटलिन या आज्ञावली भाषांमध्ये प्रोग्रॅम चालू असताना उद्भवणारा अपवाद होय. एखादी वस्तू तिच्याशी न जुळणाऱ्या प्रकाराची मानून वापरल्यास तो उद्भवतो. तो हाताळला न गेल्यास अँड्रॉइड अ‍ॅप तत्काळ बंद पडते.

कारणे

लिस्ट हा इंटरफेस असून अ‍ॅरेलिस्ट व लिंक्डलिस्ट हे त्यावर आधारलेले क्लास आहेत. प्रत्येक अ‍ॅरेलिस्ट ही लिस्ट असते. परंतु प्रत्येक लिस्ट ही अ‍ॅरेलिस्ट नसते. जावा ५ (२००४) पासून जेनेरिक्सची सोय झाली; तथापि कंपाइल होताना घटकांचा प्रकार पुसला जातो. त्यामुळे पूर्णांकांच्या यादीत चुकून शिरलेली स्ट्रिंग भरताना नव्हे, तर पुढे पूर्णांक म्हणून बाहेर काढताना अपवाद घडवते. अर्थात, दोष एकीकडे व क्रॅश दुसरीकडे दिसतो.

अँड्रॉइडमध्ये इंटेंटद्वारे दुसऱ्या अ‍ॅक्टिव्हिटीकडे पाठवलेला ट्रीमॅप तेथे हॅशमॅप होऊन पोहोचतो, कारण पार्सल सर्व मॅप एकाच पद्धतीने लिहिते. त्याला पुन्हा ट्रीमॅप मानल्यास अ‍ॅप कोसळते.

शोध व उपाय

लॉगकॅटमधील संदेशात वस्तूचा खरा व अपेक्षित असे दोन्ही प्रकार नमूद असतात. त्याखालील स्टॅक ट्रेसमध्ये स्वतःच्या कोडची पहिली ओळ पाहून ती वस्तू कोठून आली, याचा मागे माग काढावा. चल शक्यतो इंटरफेसच्या प्रकाराने घोषित करावेत. विशिष्ट क्लासच हवा असल्यास कास्ट न करता मिळालेल्या संग्रहापासून नवी प्रत तयार करावी. अपवाद केवळ पकडून दडपल्यास क्रॅश थांबतो, मूळ दोष मात्र कायम राहतो.