आहारनोंदीतील कॅल्शियम : एका आकड्याचा इतिहास

१/८
आहाराची नोंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये ‘म्हशीचे दूध’ असे लिहिताच कॅल्शियमचा आकडा समोर येतो. परंतु तो आपल्या पेल्यातील दुधाचे मापन नसतो. तो एखाद्या कोष्टकातून घेतलेला असतो आणि त्या कोष्टकाला स्वतःचा इतिहास असतो.

२/८
हंफ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये कॅल्शियम हे मूलद्रव्य वेगळे केले. माणसाला ते रोज किती लागते, याचे उत्तर मात्र बऱ्याच काळाने हाती आले. शरीरात येणारे व शरीराबाहेर जाणारे कॅल्शियम यांचा ताळेबंद मांडून, १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातील हेन्री शर्मन यांनी ७० किलो वजनाच्या प्रौढाची किमान गरज सुमारे ०.४५ ग्रॅम ठरवली.

३/८
गरज समजली; पण आपल्या ताटात कॅल्शियम किती? भारतात हा शोध निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेने घेतला. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी तिचा पाया घातला. त्यांच्यानंतर संचालक झालेल्या डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांच्या काळात, १९३७ मध्ये, भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली.

४/८
ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. सी. गोपालन व सहकाऱ्यांचा १९७१ चा कोष्टकग्रंथ पुढे कित्येक दशके आहारतज्ज्ञांचा आधार होता. त्यात दर १०० ग्रॅमला नाचणीत ३४४ मिलिग्रॅम, तर सडलेल्या तांदळात अवघे १० मिलिग्रॅम कॅल्शियम नोंदले आहे.

५/८
२०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध झाली. नाचणीचा आकडा थोडा वाढून ३६४ झाला. म्हशीच्या दुधाचा मात्र २१० वरून १२१ वर आला.

६/८
दरम्यान उद्दिष्टही बदलले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढांसाठी २०१० मध्ये ६०० मिलिग्रॅमची शिफारस केली होती. २०२० मध्ये ती १००० झाली.

७/८
आता हिशेब करा. रोज ५०० ग्रॅम म्हशीचे दूध घेणाऱ्यास जुन्या कोष्टकाने १०५० मिलिग्रॅम मिळत. गरज ६०० ची, म्हणजे भरपूर शिल्लक. नव्या कोष्टकाने मिळतात ६०५ आणि गरज १००० ची, म्हणजे मोठी तूट. दूध तेवढेच, हाडेही तीच. बदलली ती कागदावरची बाकी.

८/८
म्हणून नोंद निरर्थक ठरत नाही. ॲप कोणते कोष्टक वापरते ते पाहावे, मध्येच ॲप बदलू नये आणि एका दिवसाच्या बेरजेपेक्षा काही आठवड्यांचा कल पाहावा. पालकातील ऑक्झलेटमुळे त्यातील बरेचसे कॅल्शियम अंगी लागत नाही, हेही बेरीज सांगत नाही. आकडा दिशा दाखवतो. गोळ्या सुरू करण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.
(समाप्त)