एचएमटी जनता
चावीवर चालणारे भारतीय बनावटीचे मनगटी घड्याळ. हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळनिर्मिती सुरू केली. ‘जनता’चे यंत्र १७ ज्वेलचे असते, त्याला बॅटरी लागत नाही, रोज चावी द्यावी लागते. काही तबकड्यांवर ‘जनता’ हे नाव देवनागरीत असते. शौकीन एकत्र जमले की मागचे झाकण उघडून यंत्र पाहतात, तबकडी मूळची की पुन्हा रंगवलेली हे भिंगातून तपासतात. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवरची अक्षरे बहुधा जाड, फिसकटलेली दिसतात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. वेळच्या वेळी सफाई केलेले व तेल दिलेले ‘जनता’ आजही उत्तम चालते.