अंगणात गेलेली शाळा

सावनेर म्हटले की मराठी वाचकाला राम गणेश गडकरी आठवतात. 23 जानेवारी 1919 रोजी त्यांनी इथेच देह ठेवला. ‘बाळकराम’ या नावाने ज्यांनी महाराष्ट्राला हसवले, त्यांच्या या अखेरच्या गावात गेल्या वर्षी माझ्या घरी बाळ आले. आणि बाप होणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे, हे मला कळू लागले.

कन्या दहा महिन्यांची झाली तरी रांगेना. बसल्या जागेवरून बूड घासत ती हवी तिथे पोचे, एवढेच. शेजारचा तिच्याच वयाचा चिरंजीव मात्र कोलार नदीला पूर यावा तसा घरभर रांगत सुटलेला. “तू आठव्या महिन्यात उंबरा ओलांडला होतास,” असे आई म्हणाली आणि माझी झोप उडाली. मी रोज सकाळी पोरीला पालथी घालून, समोर खुळखुळा धरून तालीम सुरू केली. ती रडे, मी घड्याळ पाही. एके सकाळी मी दिसताच तिने आजीच्या पदरात तोंड लपवले. ते मला फार लागले.

त्याच आठवड्यात तिला वजनासाठी अंगणवाडीत नेले. ताईंनी कार्डावर ठिपका मांडला, माझी तक्रार ऐकली आणि म्हणाल्या, “भाऊ, ती काय करत नाही ते सांगितलंत. आता काय करते ते सांगा.” मला काहीच सांगता येईना. दहा महिन्यांत मी तिला मोजले होते, पाहिले नव्हते.

परतताना दारावरच्या पाटीतला शब्द मनात घोळत राहिला. अंगणवाडी! हा शब्द आला कोठून?

तो दिला ताराबाई मोडकांनी. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई लग्नानंतर आमच्या विदर्भात, अमरावतीस राहिल्या. पुढे 1923 साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहकारी झाल्या. मुलाला मारू नये, धाक घालू नये, आधी त्याचे निरीक्षण करावे, ही मारिया माँटेसोरींची दृष्टी गिजुभाईंनी आपल्या मातीत रुजवली होती. ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिके’तून ती आपल्याकडच्या आईबापांपर्यंत नेली.

1945 साली त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने अशी साधने त्यांनी वापरली. परंतु दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही शाळा भरू लागली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांनी सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातला तो शब्द देशभर पोचला. तो पाहायला ताराबाई नव्हत्या. 1973 साली त्या गेल्या होत्या.

मूल येत नसेल तर आपण त्याच्याकडे जावे, एवढीच ही साधी गोष्ट. मी मात्र पोरीला माझ्या घड्याळाकडे ओढीत होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणी आठव्या महिन्यात आपले आपण चालले, तर कुणी सतरा महिने उलटल्यावर; आणि शंभरातली सुमारे चार मुले तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत! फारच उशीर झाला तर डॉक्टरांना दाखवावे, हे खरेच; पण शेजारचा चिरंजीव म्हणजे काही पंचांग नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी खुळखुळा ठेवून दिला आणि जमिनीवर नुसता बसून राहिलो. पोरीने बराच वेळ मला न्याहाळले. मग बूड घासत घासत ती आली आणि माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “रांगली का रे?”

“नाही,” मी म्हणालो, “पण आली.”