बाप्तिस्मा, धर्मांतर आणि आपण

सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यातल्या सनातन्यांनी गहजब केला. पण १८८५ मध्ये ‘सत्सार’ लिहून जोतीराव फुले रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. ज्या धर्माने स्त्रीशूद्रांना ज्ञान नाकारले, त्याच्या ठेकेदारांना जाब विचारण्याचा अधिकारच कुठला?

आज किंमत कायदा वसूल करतो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे बाप्तिस्मा घेतलेला दलित अनुसूचित जातीच्या यादीबाहेर पडतो. गावातली जात मात्र त्याची पाठ सोडत नाही. १९५६ नंतर आपणही हेच भोगले. केंद्राच्या यादीत बौद्धांना १९९० मध्ये स्थान मिळाले. मित्रांनो, मग दलित ख्रिस्ती बांधवांच्या लढ्यात आपण गप्प का?

जय भीम!