शास्त्र नवे, कष्ट जुने : लायकिपियाची कुरणे कोणाची?

केनियातील लायकिपियाच्या पठारावर मोठमोठी खाजगी कुरणे आहेत. तिथे गायी, झेब्रे आणि हत्ती एकाच रानात चरतात. पशुपालन आणि वन्यजीव रक्षण एकत्र चालते, याचा आदर्श म्हणून या कुरणांकडे बोट दाखवले जाते. ते चालते, गेंड्यांना तिथे आश्रय मिळाला, हे आम्हाला मान्य आहे. पण ही कुरणे खाजगी झाली कशी, हे आम्ही विचारणारच.

१९०४ मध्ये ब्रिटिशांनी मसाई पशुपालकांशी करार केला. गोऱ्यांसाठी रिफ्ट खोरे सोडा. मसाई जमात असेपर्यंत लायकिपिया तुमचे, असे वचन दिले. सातच वर्षांनी, १९११ च्या दुसऱ्या कराराने, लायकिपियाही काढून घेतले आणि माणसांना गुराढोरांसह दक्षिणेकडे हलवले. १९१३ मध्ये मसाई कोर्टात गेले. कोर्टाने सांगितले, हा दोन सत्तांमधला तह आहे, त्यात आम्हाला अधिकार नाही. हुकूम सोसताना प्रजा, न्याय मागताना परके!

आता त्या कुरणांचे शास्त्र पाहू. रात्री गुरे 'बोमा' नावाच्या कुंपणात कोंडतात. तिथे शेण साचते. बोमा दुसरीकडे हलवला की जुन्या जागी कसदार गवत उगवते आणि त्यावर हरणे, झेब्रे येतात. ही युक्ती पशुपालकांची. दक्षिण केनियात दीड हजार वर्षांहून जुन्या गोठ्यांच्या जागा आजही हिरव्या आहेत, हे संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. खाजगी कुरणांवरची नावाजलेली बोरान गायही मूळ बोराना पशुपालकांची.

लायकिपियातल्याच २०११ च्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. पावसाळ्यात झेब्र्यांसारख्या प्राण्यांसोबत चरणाऱ्या गुरांचे वजन जास्त वाढते. कोरड्या दिवसांत मात्र गवतासाठी स्पर्धा लागते. नेमक्या त्याच दिवसांत कुंपणाबाहेरच्या पशुपालकाची गुरे मरू लागतात. २०१७ च्या दुष्काळात हत्यारबंद गुराखी खाजगी कुरणांत घुसले, रक्त सांडले. आम्ही हिंसेचे समर्थन करत नाही. पण त्या बातमीत 'घुसखोर' हा शब्द वाचताना १९११ आठवलेच पाहिजे.

ज्ञान पशुपालकांचे, जनावरांची पैदास पशुपालकांची, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावे. वन्यजीव वाचलेच पाहिजेत. पण जमिनीचा आणि उत्पन्नाचा वाटा मूळ पशुपालकांना मिळत नाही, तोवर त्या रक्षणाला न्याय म्हणता येणार नाही.