प्लगची वायर आणि रेडिओची खरखर

स्पार्क प्लगच्या वायरीला टर्मिनल बसवायचं म्हटलं की आपल्याकडे पक्कड पुढे येते. दाबलं, झालं! त्यासाठी वेगळं क्रिम्पिंग टूल का असतं, याचं उत्तर मला गाडीपेक्षा रेडिओच्या इतिहासात सापडतं.

१९०२ साली बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि हजारो व्होल्ट प्लगपर्यंत नेणारी वायर महत्त्वाची झाली. आत तांब्याच्या तारा, वर रबर. तांब्याला डाख छान बसतो, त्यामुळे टोकाचा प्रश्नच नव्हता.

पण ठिणगी ही मुळात रेडिओ-लहरी सोडते. १८८७ मध्ये हर्ट्झने त्या लहरी ठिणगीनेच तर निर्माण केल्या होत्या! म्हणजे प्रत्येक गाडी हे एक चालतंफिरतं प्रक्षेपण केंद्र. १९३० मध्ये पॉल गॅल्विनच्या कंपनीने 'मोटोरोला' कार-रेडिओ बाजारात आणला, आणि गाण्यामागची खरखर ही ज्याची त्याची डोकेदुखी झाली. यावर आधी प्लगपाशी वेगळा रोधक बसवत. महायुद्धानंतर वायरीचा गाभाच बदलला: तांब्याऐवजी कार्बन मुरवलेला दोरा, फुटामागे काही हजार ओहम रोध. खरखर दबली.

आता या दोऱ्याला डाख कसा देणार? तो धरतच नाही. दाबून जोडण्याची विद्या मात्र तयार होती. १९४१ मध्ये अमेरिकेत व्हिटेकरने 'एएमपी' कंपनी काढली ती विमानं आणि जहाजांसाठी, बिनडाखाच्या टर्मिनलांची. (डाख जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि कंपनांनी तुटते, हे त्यामागचं एक कारण.)

प्लगच्या वायरीत रबर अर्धा इंच सोलतात, दोरा मागे वळवून रबरावर आडवा ठेवतात आणि त्यावर टर्मिनल चढवतात. टूलच्या जबड्यातल्या खाचा पाकळ्यांना आत वळवतात. त्या रबराला चावतात, पण फाडत नाहीत. पक्कड त्यांना नुसती चपटी करते. मग दोरा आणि पितळ यांत बारीक फट राहते, ठिणगी तिथेच उडते, कार्बन जळत जातो. बाहेरून सगळं झकास! इंजिन मिसफायर करतं, आणि मेकॅनिक प्लग बदलतो, कार्बुरेटर उघडतो...

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत अशा वायरी चार प्लगांना जायच्या. ती शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. नव्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर बसते, वायरच नाही.