पंचमधले पाच

हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘फ्रूट पंच’ वाचताना त्या शब्दात आपला ‘पाच’ दडला असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. ठोसा मारणारा पंच वेगळा. तो टोचणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून फ्रेंचमार्गे आला. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाचं (१८४१) नावही वेगळं; ते बाहुल्यांच्या खेळातल्या पात्राचं, मूळ इटालियन पुल्चिनेलाचं. पेयाचं कूळ मात्र आपल्या किनाऱ्यावर आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्याचा साक्षीदार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर. १६७०च्या दशकात तो मुंबई, सुरत, जुन्नर, गोवा असा हिंडला. गोव्याजवळच्या नेरूलबद्दल तो लिहितो, की ‘नेपा दि गोवा’ नावाचा उत्तम अर्क तिथे काढतात आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यातून ‘पॉंच’ नावाचं, माणसाला गलितगात्र करणारं पेय बनवतात. हिंदुस्तानीत ‘पॉंच’ म्हणजे पाच आणि यात जिन्नस पाच, म्हणून हे नाव. दारू, पाणी, साखर, लिंबाचा रस आणि मसाला हे ते नेहमीचे पाच. पुढे तो जी जोड देतो ती मला फार मोलाची वाटते. युरोपातले वैद्यही पाच औषधांच्या मिश्रणाला ‘डायापेंटी’ म्हणतात आणि चारांच्या मिश्रणाला ‘डायाटेसरॉन’, असं तो सांगतो. आपल्याकडचं त्रिफळा, पंचकोल यांच्या जातीचंच हे नामकरण. फ्रायर स्वतः वैद्य, म्हणून त्याला हा धागा चटकन दिसला.

विरोधी पक्ष म्हणतो, ‘पंचन’ म्हणजे दारूचं मोठं पिंप. खलाशांनी तेच नाव आखूड केलं. शिवाय त्या काळच्या इंग्रजीत ‘पंच’चा उच्चार ‘पुंच’च्या जवळ होता, मग तो ‘पाच’वरून कसा येईल? तिसरी हरकत जिन्नसांच्या संख्येची. मांडेल्सो हा जर्मन प्रवासी १६३८मध्ये सुरतेला आला. त्याच्या ‘पालेपुंट्झ’मध्ये दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे चारच जिन्नस आहेत.

पहिल्या हरकतीला उत्तर कालक्रमाचं. हा शब्द इंग्रजीत प्रथम दिसतो तो १६३२ सालच्या, हिंदुस्थानातल्या कंपनीच्या नोकराच्या पत्रात. त्यानंतर मांडेल्सो, मग बंगालबद्दल लिहिणारा फ्रेंच बर्निये, त्याच्याकडे तो ‘बुलेपोंज’ होतो, म्हणजे वाडगाभर पंच. पिंपं तर साऱ्या समुद्रांवर होती. मग हा शब्द आधी हिंदुस्थानच्या व्यापारातच का उगवावा?

उच्चाराचं म्हणाल, तर पुंट्झ, पोंज, पॉंच ही तीन रूपंच सांगतात, की परक्या कानांनी आपला स्वर जमेल तसा पकडला. इंग्रज आपल्या ‘पान’चंही ‘पॉन’ करत. फ्रायरचा ‘पॉंच’ त्याच वळणाचा.

संख्येच्या हरकतीला उत्तर मराठी स्वयंपाकघरात आहे. देवाच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर हे मोजून पाच. पण सणाच्या पानात डावीकडे वाढतात त्या पंचामृतात मिरच्या, चिंच, गूळ, तीळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, शिवाय घरागणिक काजू-बेदाणे. पाचाचा हिशेब कधीच मागे पडला, नाव टिकलं. मग पंचात एखादा जिन्नस कमी पडला, तर त्याच्या कुळावर शंका का घ्यावी?

पंच जहाजांतून विलायतेला गेला, चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यांत मानानं बसला, आणि कंपनीच्या बंदरांतल्या दारूगुत्त्यांना इंग्रज ‘पंच-हाउस’ म्हणू लागले. गंमत अशी, की इंग्रजांजवळ पाचाचा नातलग आधीच होता: ‘फाइव्ह’ आणि ‘पंच’ एकाच प्राचीन शब्दाची लेकरं आहेत, आणि ‘डायापेंटी’तला ग्रीक ‘पेंटे’ त्यांचा सख्खा भाऊ.